खैरपोडच्या दहा केसेस

"मानकूताई, यंदा माझी अब्रू तुमच्या हाती आहे," गाडीवरून उतरायच्या आधीच डाखोरे साहेबांनी सांगून टाकलं.

त्यावरूनच मी तारीख ओळखली. डाखोरे साहेब आमच्या भागाचे आरोग्य पर्यवेक्षक. एप्रिल ते डिसेंबर मी त्यांच्यासाठी 'ए मानकू' असायची. जानेवारी लागला की 'मानकूबाई' व्हायची. 'ताई' व्हायची ती मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि तेही कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस कमी पडल्या तरच. त्या वर्षी मार्चची सतरा तारीख होती. मी झाडू बाजूला ठेवला.

मी उपकेंद्राची परिचर. झाडायचं, पाणी भरायचं, सुया उकळायच्या, एवढंच माझं काम. पण आश्रमशाळेत सातवीपर्यंत गेलेली, अक्षर बरं, आणि आमच्या सिस्टर महिन्यातले वीस दिवस रजेवर. म्हणून रजिस्टरंही मीच लिहायची.

"किती कमी पडून राहिल्या, साहेब?"

"दहा."

"दहाच ना?"

"दहाच काय वं! मागच्या बैठकीत मला उभं ठेवलं, माहीत आहे? दोन तास. बाकीचे बसलेले, चहा पिऊन राहिले, अन् मी एकटा उभा. एकतीस तारखेच्या आत दहा बाया टेबलावर गेल्या नाहीत तर पुढच्या बैठकीत काय करतील, देव जाणे."

"बसा मग," म्हणून मी खुर्ची पुढे केली.

ते बसले. रुमालाने मान पुसली. मग हळूच म्हणाले, "तुमच्या खैरपोडावरच्या काढा ना दहा."

"आम्ही तर कोलाम, साहेब. कोलाम बाईचं ऑपरेशन करायचं नाही म्हणे. कागद आहे ना तुमच्या ड्रॉवरमध्ये."

डाखोरे साहेबांची हसणी तीन होती. एक वरच्या साहेबाला दाखवायचं, एक खालच्या माणसाला हाकलायचं, आणि एक अडचणीतलं. हे तिसरं. "तो कागद ड्रॉवरमध्ये बरा आहे. तुमची आडनावं पाहा. आत्राम, टेकाम, मडावी. गोंडांची तीच, तुमची तीच. फॉर्मवर गोंड लिहिलं की गोंड. कोणाच्या कपाळावर लिहिलं आहे?"

हे वाक्य मी नीट ठेवून घेतलं. मला खोड आहे तशी. कोण कोणत्या दिवशी काय बोलला आणि बोलताना कुठं पाहत होता, हे माझ्यापाशी तारीखवार असतं. डाखोरे साहेबांची माझ्याकडे पुष्कळ वाक्यं होती. त्यातली तीन माझ्या धाकट्या बहिणीच्या नावावर होती.

पोचू तिचं नाव. दिली होती आमच्याच पोडावर, म्हणजे आमच्या कोलामांच्या वस्तीवर, आत्रामांच्या घरात. सहा बाळंतपणं झाली होती, त्यातली तीन लेकरं जिवंत. सहाव्या खेपेनंतर सिस्टरनेच सांगितलं होतं, आता पुढचं झेपायचं नाही. गोळ्या घेऊन पाहिल्या तिने. पण गोळ्यांचं एक पाकीट संपलं की दुसरं यायला चार-चार महिने. तांबी बसवायला सिस्टर लागते, आणि सिस्टर रजेवर. राहिलं ऑपरेशन. म्हणून एका फेब्रुवारीत मी तिला घेऊन डाखोरे साहेबांकडे गेले. नेमकं त्या वर्षी त्यांचं टार्गेट संक्रांतीलाच पुरं झालं होतं. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि तो कागद काढला. वाचायला दिला नाही, नुसता हलवून दाखवला.

"तुमची जमात कमी होऊन राहिली, बाई. सरकारला काळजी आहे. कोलाम बाईचं ऑपरेशन केलं तर माझी नोकरी जाईल." हे पहिलं वाक्य.

पोचू भोळी नव्हती. "मागच्या साली माझ्या जावेचं केलं ना जी तुम्ही?"

"ती गोंड होती."

"माझी जाऊ? एका चुलीवर जेवतो आम्ही."

"कागदावर होती."

"मग मलेबी करा ना जी कागदावर."

"दरसाल नाही करता येत," डाखोरे साहेब म्हणाले आणि हसले. दुसरं हसणं. हे दुसरं वाक्य.

पुढच्या पौषात सातव्या खेपेला पोचू उपकेंद्रात गेली. म्हणजे वारली. दार मी उघडलं होतं, पण औषधाच्या कपाटाची चावी सिस्टरच्या पर्समध्ये, आणि पर्स सिस्टरच्या माहेरी. कपाटाच्या काचेतून रक्त थांबवायचं इंजेक्शन दिसत होतं. दगडाने काच फोडली तोवर पोचूचे हात गार झाले होते.

आठव्या दिवशी डाखोरे साहेब अहवाल लिहून घ्यायला आले. लिहिणारी अर्थात मीच.

"मृत्यूचं कारण, साहेब?"

"लिही, नातेवाइकांनी उशिरा आणले."

"नातेवाईक मीच. मी उशिरा नाही आणलं."

"ए मानकू, लिही."

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात. हे तिसरं वाक्य. त्याला चौदा महिने झाले होते, आणि आता तेच साहेब माझ्यापुढे रुमालाने मान पुसत बसले होते.

"देते दहा," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं. पण साहेब, शिबिराला वरचं कोणी येणार आहे का?"

येणार होतं हे मला माहीत होतं. पत्र मीच तर केंद्रातून आणून दिलं होतं. डाखोरे साहेब म्हणाले, "आदिवासी विकासाचे नवीन प्रकल्प अधिकारी. कुळमेथे. ऑपरेशनवाल्या आदिवासी बायांना ब्लँकेटं वाटायला येणार, चार वाजता."

"कुळमेथे म्हणजे गोंडच ना जी?"

"हो, गोंडच."

"मग त्यांना सांगा ना, 'साहेब, तुमच्याच समाजाच्या दहा बाया मी एका गावातून तयार केल्या' म्हणून. पोड म्हणू नका, पोड म्हटलं की कोलाम कळतं. गाव म्हणा. केवढे खूश होतील! तुमचं नाव लक्षात राहील त्यांच्या."

डाखोरे साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांना एकदम पहिलं हसणं आलं, वरच्या साहेबाला दाखवायचं. आयुष्यात एकदाच ते माझ्या वाट्याला आलं. "मानकूताई, तुम्ही जिल्ह्याच्या ऑफिसात पाहिजे होत्या."

आश्रमशाळेच्या स्वयंपाकीणबाईने मला एक सांगितलं होतं, ते मी साहेबांना सांगितलं नाही. हा कुळमेथे साहेब आपला गोंड माणूस दिसला की मराठी खिशात घालतो आणि थेट गोंडीत बोलायला लागतो. आमची बोली कोलामी. गोंडीशी तिचं गोत्र लांबचं. डाखोरे साहेबांना सगळी जंगलातली माणसं एकाच सुरात बोलतात असं वाटायचं. अठरा वर्षं त्यांनी आमच्यात काढली होती.

*

पोडावर मोह वेचायचे दिवस होते. बाया पहाटे उठून टोपल्या भरून आणायच्या आणि दुपारी अंगणात फुलं वाळत घालायच्या. तिथंच मी बसले आणि सांगितलं. आमच्या बोलीत, अर्थात.

"ऑपरेशन होतंय. दहा जणींचं."

"यंदा आम्ही कोण?" लच्छी म्हणाली. "गोंड की परधान?"

"गोंड."

"चला, मागच्या वेळचीच जात मिळाली. सवय आहे तिची."

हसल्या सगळ्या. एकीने विचारलं, महिनाभर वाकता येणार नाही, मग मोह कोण वेचणार? दुसरी म्हणाली, नवऱ्याला वाक म्हणावं, त्याला एवढ्या वर्षांत मानसुद्धा वाकवता आली नाही. अशी थट्टा चालली होती, पण नावं भराभर आली. पहिलं नाव जैतूचं.

जैतू सव्वीस वर्षांची. पाच लेकरं. शेवटच्या वेळी दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिने लेकराचं तोंड नंतर पाहिलं, आधी माझा हात धरून विचारलं होतं, "पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?" त्यानंतर दीड वर्ष ती दर बाजाराला उपकेंद्रावर यायची. गोळ्या आल्या का? नाही आल्या. सिस्टर आल्या का? नाही आल्या. पोडावर कोणाला ऑपरेशन खरोखर पाहिजे होतं असं विचाराल, तर तिला.

मग मी माझी अट सांगितली. "आधी दहाही जणींची ऑपरेशनं होऊ द्या. चार वाजता एक साहेब येईल, गोंडीत बोलेल. तेव्हा कोणी गोंडीत उत्तर द्यायचं नाही. आपल्या बोलीत बोलायचं. जातीचे दाखले कमरेला ठेवा. मागितले की काढून द्यायचे."

लच्छीने मोहाची फुलं पसरता पसरता विचारलं, "पोचूसाठी?"

"पोचूसाठी."

"झालेलं ऑपरेशन ते परत थोडंच उसवणार आहेत?" लच्छी म्हणाली. "ठेवते मी दाखला."

जैतूनेही मान हलवली. आधी ऑपरेशन, मग बोलणं. यात कोणाचं काय जाणार होतं? डाखोरे साहेबांचं तेवढं जाणार होतं.

*

शिबिर सत्तावीस तारखेला, आरोग्य केंद्रात. सकाळी ट्रॅक्टर पाठवला होता साहेबांनी. दहाही जणी आदल्या संध्याकाळपासून उपाशी, डोक्याला तेल, नीट नेसलेल्या. संमतिपत्रं डाखोरे साहेबांनी स्वतः भरली. माझं अक्षर बरं असूनही मला हात लावू दिला नाही. जमातीच्या रकान्यात दहा वेळा गोंड लिहिलं. लिहिताना गुणगुणत होते. मी बायांचे अंगठे घेतले.

तालुक्याचे सर्जन साडेनऊला आले. आधी गावातल्या दोन बाया झाल्या, मग आमच्या सुरू झाल्या. मी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होते आणि झाली की गादीवर आणून निजवत होते. दर खेपेला मनात म्हणायची: एक. दोन. तीन. लच्छी सहावी. लच्छी गुंगीतही बडबडत होती, "मी गोंड, मी गोंड." मी तिच्या तोंडावर पदर धरला.

साडेअकराला बाहेर जीप थांबली.

"साहेब आले!" कोणीतरी ओरडलं.

चार वाजता येणारा माणूस साडेअकराला आला होता. दुपारी मंत्र्यांचा दौरा निघाला म्हणून त्यांना लगेच पुढे जायचं होतं. ब्लँकेटांचे गठ्ठे उतरत होते तेव्हा मी बाकड्याकडे पाहिलं. हिरवे झगे घालून चार जणी बसलेल्या. पहिली जैतू. तिचाच नंबर होता. आत सर्जन हात धूत होते.

कुळमेथे साहेब उंच, चष्मा लावलेले, चाळिशीच्या आतले. डाखोरे साहेब त्यांच्या पुढे उलट्या पावली चालत होते. "साहेब, आपल्याच समाजाच्या दहा बाया. एका गावातून. फार समजावलं तेव्हा तयार झाल्या. आधी चहा घ्या साहेब, चहा तयार आहे."

"चहा नंतर. आधी बायांना भेटतो."

ते थेट बाकड्यापाशी आले. आणि आमच्याकडे कधी कोणी साहेब बसला नव्हता तसे उकिडवे बसले, बायांच्या डोळ्यांच्या उंचीला. मग गोंडीत विचारलं, कोणत्या गावच्या, बहिणींनो? भीती तर वाटत नाही ना?

चौघी माझ्याकडे पाहायला लागल्या.

आता एक सांगायला पाहिजे. मला गोंडी येते. आश्रमशाळेत सात वर्षं गोंड मुलींच्या पंगतीला बसून शिकलेली, चांगली येते. मी तिथल्या तिथं म्हणू शकत होते, साहेब, लाजतात त्या, उपाशी आहेत. साहेब हसले असते, उठले असते, चहाला गेले असते. पंधरा मिनिटांत जैतू आत जाऊन बाहेर आली असती. तासाभरात चौघीही.

पण तासाभराने साहेब नसते. आणि डाखोरे साहेब असते. एप्रिलपासून पुन्हा 'ए मानकू'.

"सांगा ना मानकूताई," डाखोरे साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर एवढुसा घाम आला होता. मला तो घाम फार आवडला. खोटं कशाला बोलू? चौदा महिने मी ज्याची वाट पाहिली तो हाच घाम, आणि अजून तर तो नुसता उगवत होता.

मी बायांकडे वळले आणि आमच्या बोलीत भराभरा म्हटलं, "आत्ता बोलले तर तुमचं चौघींचं राहील. नाही बोलले तर हा सुटेल. काय करू?"

टोकाची म्हणाली, "बोल."

तिच्या शेजारची म्हणाली, "मला त्या सुईचं तसंही भ्याव वाटून राहिलंय. बोल."

तिसरीने मान हलवली.

जैतू खोलीच्या हिरव्या पडद्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "पुढचा नंबर माझाच ना?"

"हो."

ती आणखी काही बोलली नाही. तिने विचारलं होतं, पण नको म्हटलं नव्हतं. मी तिला होकारात धरलं.

"साहेब," मी मराठीत म्हटलं, चांगल्या मोठ्या आवाजात, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं. "तुमची बोली यांना येत नाही. या गोंड नाहीत. कोलाम आहेत. दहाही. मीसुद्धा."

कुळमेथे साहेब हळूहळू उभे राहिले. "फॉर्म दाखवा."

केंद्राचे डॉक्टर फॉर्म घेऊन आले. साहेबांनी एकेक उलटून पाहिला. दहा वेळा तोच शब्द, त्याच अक्षरात. चौघींनी कमरेचे दाखले काढून दिले. त्यावर साहेबांच्याच कार्यालयाचा शिक्का होता. पोडावर शिबिर लावून दिले होते ते, आणि त्या शिबिराला डाखोरे साहेब हार घालून बसले होते.

"हे कोणी भरले?"

"साहेब, आडनावं सारखी आहेत ना," डाखोरे साहेब म्हणाले. तिसरं हसणं ओठावर आलं, पण टिकलं नाही. "आत्राम म्हटलं की मला वाटलं गोंडच. चूक झाली. या लोकांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही."

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं आडनाव पण आत्राम होतं. तिला मात्र तुम्ही न विचारता कोलाम म्हणालात. कागद दाखवलात. ती मेली. मग नातेवाइकांनी उशीर केला असं माझ्या हाताने लिहून घेतलंत. यंदा दहा कमी पडल्या तेव्हा म्हणालात, कोणाच्या कपाळावर लिहिलं आहे? मला सगळं तारखेनिशी माहीत आहे. सांगू?"

व्हरांड्यात गावातले पंचवीस-तीस लोक उभे होते. ग्रामसेवक होता, शाळेचे मास्तर होते, ते स्वतःच्या केसेस घेऊन आलेले. डाखोरे साहेबांची मान खाली गेली. कुळमेथे साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. मंत्र्यांचा दौरा राहिला बाजूला; पुढचा सव्वा तास सगळ्यांदेखत कागदावर कागद तपासले गेले, मागच्या तीन वर्षांचेही, आणि तो सव्वा तास डाखोरे साहेब उभे होते. मी खांबाला टेकून पाहत होते. इतकं पोटभर मी कधी जेवलेही नाही.

पण त्याच्याही आधी, पहिला फॉर्म पाहून होताच, साहेब डॉक्टरांना म्हणाले होते, "पोडावरच्या बाकीच्या बाया थांबवा. आता एकीलाही आत घ्यायचं नाही."

सर्जननी हातमोजे काढले. मी जैतूकडे गेले. तिने झगा उतरवून घडी घालून माझ्या हातात दिला होता. साहेबांनी दहाही जणींना ब्लँकेटं दिली. तिने आपलं बाकड्यावर ठेवलं.

"काही खाऊन घे," मी म्हटलं. "कालपासून उपाशी आहेस."

"घरी जाऊन खाते."

"ट्रॅक्टर आहे ना."

"चालत जाते."

सात किलोमीटर. मी फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. फाटकात ती थांबली. वळली नाही, समोर पाहतच म्हणाली, "साहेब चहा पिणारच होता, मानकू. तो पिऊन होईपर्यंत तरी थांबायचं होतंस."

*

डाखोरे साहेब निलंबित झाले. सात महिन्यांनी परत घेतले, पण लांबच्या तालुक्यात आणि खालच्या जागेवर. एकदा बसस्टँडवर दिसले. मी मुद्दाम समोर जाऊन "नमस्कार साहेब" म्हटलं. त्यांनी कोणतंच हसू दिलं नाही. बहुतेक तिन्ही जमा करून घेतली असावीत कोणी. त्या दिवशी घरी येताना मी रस्ताभर गाणं म्हणत आले.

ऑपरेशन झालेल्या सहा जणी आजही मला भेटल्या की आधी हसतात. लच्छीने तर ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिच्या सांगण्यात आता कुळमेथे साहेबांनी डाखोरेंच्या कानाखाली वाजवली आहे. मी दुरुस्त करत नाही.

डाखोरेंच्या जागी आला तो माणूस नियमाचा निघाला. त्याने ड्रॉवरमधला कागद काचेत लावून भिंतीवर टांगला. शिबिराच्या दारात टेबल मांडून आधी प्रत्येकीचा दाखला पाहायचा. आत्राम, टेकाम, मडावी दिसलं की दोनदा पाहायचा. त्याला घाम येत नसे, अब्रू कोणाच्या हाती देत नसे. त्यानंतर आठ वर्षं आमच्या अकरा पोडांवरची एकही बाई त्या पडद्याच्या आत गेली नाही. जे दार चोरून का होईना, वर्षातून एकदा उघडायचं, ते मी पक्कं लावून घेतलं होतं.

जैतू त्या दिवाळीत उपकेंद्रावर आली. मी खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, "तिसरा महिना आहे. लिही."

मी गरोदर बायांचं रजिस्टर काढलं. नाव, वय, कितवी खेप, सगळं मला पाठ होतं. लिहून मी पान मिटायला लागले तर तिने त्यावर बोट ठेवलं. "एक जागा राहिली."

जमातीचा रकाना मी मोकळा सोडला होता. तिला वाचता येत नव्हतं. पण रिकामी जागा सगळ्यांनाच दिसते.

"काय लिहायचं तिथं?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कोलाम."

"मग लिही."

ते बाळंतपण मी केलं. सुखरूप झालं, मुलगी. दोन वर्षांनी पुन्हा आली. पुन्हा बसली नाही, पुन्हा "लिही". मधल्या काळात मी गोळ्यांची पाकिटं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. ती घ्यायची, आणि पाकीट संपून नवीन यायचं नाही तेव्हा चार महिने मला काही विचारायची नाही. मी कितीही वेळा सांगितलं की गाडी येत नाही, माझ्या हातात नाही, तरी ती नुसती मान हलवायची, त्या दिवशी बाकड्यावर तिने न हलवलेली मान मी हलवली म्हणून धरली होती तशी.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि पायांवर सूज. मी दार लोटलं. म्हटलं, "जैतू, ऐक. हे एवढं होऊ दे. मग पलीकडच्या जिल्ह्यात घेऊन जाते तुला. तिकडं कोणी ओळखत नाही. माझी एक ओळखीची परिचर आहे. गोंड लिहू, चुपचाप करून येऊ."

"मी कोलाम आहे," ती म्हणाली. "तीस माणसांसमोर तूच सांगितलंस ना?"

"जिवाशी खेळू नको."

"मी कुठं खेळले?"

माझ्याकडे माणसांची एवढी वाक्यं तारीखवार जमा होती, त्यात एकही कामाचं निघालं नाही.

"लिही," जैतू म्हणाली.

मी लिहिलं. जैतूबाई टेकाम, वय बत्तीस, खेप आठवी. शेवटचा रकानाही भरला. या वेळी मी पान तिच्यासमोर सरकवून ठेवलं. तिने वाकून पाहिलं. सहा वर्षांत तीनदा पाहून तिला एवढा एकच शब्द वाचायला येऊ लागला होता. त्याच्यावर नख टेकवून तिने मला विचारलं, "हाच ना?"

"हाच," मी म्हटलं.